फ्रिजमागची वसाहत: फवारणी न करता झुरळं आवरलेल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यातल्या एका उपनगरातली १९९०च्या दशकात बांधलेली चार मजली इमारत आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके घर. घरात नवरा-बायको, नुकतं रांगायला लागलेलं नऊ महिन्यांचं बाळ आणि दमा असलेली आजी. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

स्वयंपाकघरात कडप्प्याचा जुना ओटा आहे आणि त्याखाली काही वर्षांपूर्वी प्लायवूडच्या ट्रॉल्या बसवल्या आहेत. ओट्याच्या उभ्या आणि आडव्या लाद्यांच्या सांध्यांतला सिमेंट जागोजागी निघून गेलेला. ट्रॉल्या बसवल्यामुळे या फटी डोळ्यांआड गेल्या होत्या, इतकंच. सिंकचा लवचीक पाइप खालच्या नहाणीत नुसता खोचलेला, त्याच्या भोवती बोटभर मोकळी जागा. फ्रिज पोकळ नळ्यांच्या लोखंडी स्टँडवर. शेजारच्या घराचं आणि या घराचं बाथरूम एकाच डक्टला, म्हणजे पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीला, लागून.

सोसायटीतर्फे दर तीन महिन्यांनी फवारणी होत असे. मे महिन्यातल्या फवारणीनंतर आजींना दोन दिवस धाप लागली. डॉक्टरांनी घरात फवारा मारू नका असं सांगितलं आणि त्याच दमात हेही सांगितलं की झुरळांची विष्ठा, कात आणि मेलेल्या अंगाचा चुरा यांनीही दमा उसळतो. म्हणजे फवारणी बंद करायची होती, पण झुरळांना राहू द्यायचीही सोय नव्हती.

अडचण नेमकी काय होती

जुलैच्या सुरुवातीला भर दुपारी ओट्यावर झुरळं दिसू लागली. हे प्राणी अंधारात वावरणारे. घरातलं लहान झुरळ दिवसाउजेडी बाहेर पडतं तेव्हा बहुधा आतल्या फटींमध्ये दाटी झालेली असते. ट्रॉलीतल्या चमच्यांच्या ट्रेमध्ये मिरपुडीसारखे काळे कण, कुकरच्या झाकणाच्या पोकळ मुठीत पिल्लं आणि कपाट उघडलं की येणारा तेलकट, कुबट वास, अशी सगळी लक्षणं जमली होती.

तोवर घरगुती उपाय बरेच करून झाले होते. चुरलेलं तमालपत्र, लवंगा, काकडीची सालं, कडुनिंबाचा पाला, पुदिन्याच्या तेलाचे बोळे. चमच्यांच्या ट्रेमध्ये तमालपत्र ठेवल्यावर तिथली झुरळं खरंच कमी झाली आणि घरात समाधान पसरलं. ती खालच्या, पोळपाट-लाटण्याच्या खणात गेली होती. वासाचे उपाय इतकंच करतात. वास ताजा आहे तोवर झुरळाला दोन हात लांब ठेवतात, पण मारत नाहीत. पाला सुकला की तोच पाला झुरळांना आडोसा म्हणून चालतो. खायचा सोडा आणि साखर समप्रमाणात मिसळून ठेवलेल्या वाट्यांमधली साखर मुंग्यांनी नेली आणि सोडा तेवढा उरला.

आजींनी सुचवलेला 'झुरळांचा खडू' सुनेने नाकारला, ते बरंच झालं. तो खडू दिसतो पाटीवरच्या खडूसारखा, पण अशा खडूंमध्ये सहसा कृत्रिम कीटकनाशक असतं, आणि रांगणाऱ्या बाळाचा हात जमिनीवरच असतो.

पहिला निर्णय: आधी ओळख, मग मोजणी

घरात दोन जातींची झुरळं होती आणि इतके दिवस दोघांवर एकच उपाय चालला होता. स्वयंपाकघरात होतं ते जर्मन झुरळ: सव्वा ते दीड सेंटिमीटर लांब, फिकट तपकिरी, मानेमागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेघा. नावापुरतंच जर्मन. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २१०० वर्षांपूर्वी दक्षिण आशियातल्या, भारत-म्यानमारच्या बाजूच्या, रानटी झुरळापासून वेगळं झालं. म्हणजे पाहुणा घरचाच. बाथरूममध्ये रात्री येणारं झुरळ मोठं, लालसर, साडेतीन-चार सेंटिमीटरचं. ते अमेरिकन झुरळ. ते राहतं गटारात आणि डक्टमध्ये, घरात फक्त फेरी मारायला येतं.

हा फरक कळल्यावरच पुढची दिशा ठरली. मोठ्या झुरळाची वाट बंद केली की काम जवळपास संपतं. लहान झुरळ मात्र घरातच जन्मतं आणि घरातच मरतं. त्याची मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी पोटाच्या टोकाला धरून हिंडते आणि पिल्लं बाहेर पडायला एखादा दिवस उरला की ती टाकते. फवाऱ्याने मादी मेली तरी कुपीतली अंडी वाचू शकतात. पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी धरेपर्यंत साधारण दोन-तीन महिने जातात, उकाड्यात त्याहून कमी. जो उपाय तीन महिने टिकत नाही, तो या झुरळावर उपयोगाचा नाही.

मोजणीसाठी जॅमच्या सहा रिकाम्या बाटल्या घेतल्या. आतल्या बाजूला तोंडापासून तीन सेंटिमीटर खालपर्यंत व्हॅसलीनचा पातळ थर दिला, म्हणजे आत पडलेल्या झुरळाचे पाय घसरतात. बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळून रबरबँड लावला, म्हणजे चढायला त्यांना चांगली पकड मिळते. आत पावाचा तुकडा आणि पिकलेल्या केळ्याची साल. रात्री दहाला ठेवायच्या, सकाळी साबणाचं पाणी ओतून मोजायच्या.

पहिल्या रात्रीचा हिशेब असा: फ्रिजमागे ६१, सिंकखाली ३४, शेगडीमागे २२, चमच्यांच्या ट्रॉलीत १५, बाथरूममध्ये ५, बेडरूममध्ये एकही नाही. एकूण १३७. त्यांत जर्मन झुरळाची पूर्ण वाढलेली १९, बाथरूममधली मोठी ४, बाकी ११४ पिल्लं. पिल्लं इतकी म्हणजे वस्ती जोरात वाढत होती. आणि घरातल्या सगळ्यांचा संशय सिंकवर होता, पण जवळपास निम्मी झुरळं निघाली फ्रिजमागे.

फ्रिजच्या मागे काय सापडलं

प्लग काढून फ्रिज पुढे ओढला आणि मागचं खालचं झाकण उघडलं. आतलं वितळलेलं पाणी नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये येतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने हळूहळू उडून जातं. कोरड्या हवेत तो ट्रे रिकामा होत राहतो. जुलैत हवाच ओली, त्यामुळे ट्रे काठोकाठ भरलेला, तळाला तपकिरी गाळ, कडेला काळ्या ठिपक्यांची झालर. ऊब, पाणी, अंधार आणि दोन पावलांवर ओटा, इतकी सोय झुरळांना आणखी कुठे मिळणार? स्टँडच्या पोकळ नळ्यांची टोकं उघडीच होती. एका नळीत बॅटरीचा झोत टाकला तर आत मिशाच मिशा हलताना दिसल्या.

झुरळाची तहान हा या प्रकरणातला कळीचा मुद्दा. जर्मन झुरळ अन्नाशिवाय तीन-चार आठवडे काढू शकतं, पण पाण्याशिवाय दोन आठवडे काढणंही त्याला जड जातं. खरकटं कितीही काटेकोरपणे उचललं तरी रात्रभर पाणी मिळत असेल तर वस्ती तगून राहते.

कोणते पर्याय तोलले

बाजारात मिळणारी जेलची आमिषं व्यावसायिक माणसाकडून लावून घेणं हा एक पर्याय होता. घरच्यांनी 'केमिकल नको' म्हणून तो बाजूला ठेवला. इथे एक स्पष्ट सांगायला हवं: बिजागरीच्या आत, बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी लावलेले जेलचे बारीक ठिपके हे जमिनीवर मोकळ्या ठेवलेल्या बोरिकच्या गोळ्यांपेक्षा कमी धोक्याचे असतात. 'नैसर्गिक' आणि 'निर्धोक' हे दोन वेगळे शब्द आहेत. शेवंतीच्या जातभाईच्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम पूर्ण नैसर्गिक आहे, तरी त्याचा फवारा दमेकऱ्याला सोसेलच असं नाही.

डायटोमेशियस अर्थ, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्मांची पूड, झुरळाच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून त्याला सुकवते. पण ती कोरडी असेल तरच. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात सिंकखाली तिचा चिखल होतो. शिवाय बारीक पूड हवेत उडाली की दमेकऱ्याला त्रास. हा पर्याय बाद झाला.

राहिली बोरिक पावडर. हे खनिज झुरळाच्या पायांना चिकटतं, अंग चाटून साफ करताना पोटात जातं आणि काही दिवसांत मारतं. ते हळू काम करतं हाच त्याचा गुण, कारण खाल्ल्याबरोबर कोणी मरत नाही आणि आमिषाबद्दल संशय येत नाही. कॅरमच्या पटावर टाकायची पूड बऱ्याच ठिकाणी हीच असते, त्यामुळे घरात ती निरुपद्रवी समजली जाते. तशी ती नाही. बाळाच्या पोटात गेली तर थेट दवाखाना गाठावा लागतो, आणि गरोदर बाईने तर हातच लावू नये.

दुसरा निर्णय: बोरिक वापरायचं, पण कसं

पहिला प्रयत्न चुकला. नेहमीच्या सांगोवांगीप्रमाणे बोरिक आणि कणीक निम्मी-निम्मी घेऊन दुधात मळली आणि बोराएवढ्या गोळ्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. तीन दिवसांत त्या दगडासारख्या झाल्या, पाचव्या दिवशी काहींना बुरशी आली. झुरळांनी कुरतडल्याची खूण नव्हती. कारणं दोन होती. बोरिक इतकं जास्त असलं की झुरळं तोंड लावून मागे फिरतात. आणि शेजारच्याच खणांत तमालपत्र-लवंगा तशाच होत्या. एका हाताने जेवायला बोलवायचं आणि दुसऱ्या हाताने हुसकायचं, असा प्रकार चालला होता.

सहाव्या दिवशी आजींना बाळाच्या मुठीत एक गोळी दिसली. तोंडात गेली नव्हती. त्याच संध्याकाळी सगळ्या गोळ्या गोळा केल्या, मोजल्या आणि ठेवल्या होत्या तितक्याच आहेत याची खात्री करून टाकून दिल्या. बोरिक सोडून द्यायचं की बंद डब्यातून वापरायचं यावर घरात दोन दिवस वाद झाला. बंद डबे आणि बाळाच्या उंचीवर एकही डबा नाही, या अटीवर ते ठेवायचं ठरलं.

श्रीखंडाचे अर्धा किलोचे रिकामे डबे घेतले. खिळा चिमट्यात धरून तापवून प्रत्येकाच्या कडेला, तळालगत, सहा-सहा मिलिमीटरची चार भोकं पाडली. त्यातून झुरळ जातं, बाळाचं बोट जात नाही. आत बाटलीचं झाकण दुहेरी टेपने चिकटवलं, त्यात आमिष. डब्याचं झाकण टेपने बंद करून वर मार्करने 'विष' लिहिलं आणि सगळा डबा जागेवर चिकटवून टाकला. फ्रिजमागचा डबा झाकणाबाहेर, मधल्या उंचीवर लावला. सिंकखालच्या आणि ट्रॉलीतल्या डब्यांसाठी आधी कपाटांना बाळकुलूप बसवलं.

आमिषं दोन प्रकारची. पातळ आमिषात २०० मिली कोमट पाणी, २० ग्रॅम साखर (चहाचे पाच चमचे) आणि २ ग्रॅम बोरिक (सपाट अर्धा चमचा) पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. बोरिक जेमतेम एक टक्का. त्यात भिजवलेला कापसाचा बोळा झाकणात ठेवायचा. पाणी तोडलेल्या घरात तहानलेली झुरळं आधी याच्याकडे येतात. पावसाळ्यात ते तीन-चार दिवसांत आंबतं, म्हणून आठवड्यातून दोनदा बदलायचं. घट्ट आमिषात बोरिक एक चमचा, कणीक चार चमचे, शेंगदाण्याचं कूट दोन, पिठीसाखर दोन आणि किसलेल्या कांद्याचा रस मऊ होण्यापुरता. बोरिकचा वाटा मापाने साधारण नववा हिस्सा येतो. गोळी करायची नाही, झाकणात चण्याएवढा ठिपका लिंपायचा आणि दर आठवड्याला नवा लावायचा. मोज-मिसळीला वेगळा चमचा, वेगळी वाटी, हातात मोजे. ती भांडी पुन्हा स्वयंपाकात येता कामा नयेत.

कूट मुद्दाम घातलं. काही ठिकाणच्या जर्मन झुरळांमध्ये ग्लुकोजचा तिटकारा पिढीजात उतरलेला आढळतो आणि अशी झुरळं गोड आमिषाला तोंड लावत नाहीत. चार रात्रींत एका प्रकाराला खूण दिसली नाही तर दुसरा प्रकार हाताशी हवा.

डबे किती हेही महत्त्वाचं. अगदी लहान पिल्लं राहत्या फटीपासून फार लांब जात नाहीत. एका कोपऱ्यात मोठा डबा ठेवण्यापेक्षा जिथे विष्ठेचे काळे ठिपके दिसतात तिथून हातभर अंतरात छोटे डबे ठेवावेत. या घरात नऊ लागले, त्यांतले तीन एकट्या फ्रिजभोवती.

पाणी आणि फटी

आमिषापेक्षा हे काम कंटाळवाणं आणि त्याहून जास्त परिणाम करणारं. रात्री शेवटचं भांडं पालथं घातलं की सिंक आणि ओटा कोरड्या फडक्याने पुसायचा. घासणी आणि ओलं फडकं सिंकमध्ये न ठेवता खिडकीच्या गजाला लावायचं. ठिबकणाऱ्या नळाचा वायसर बदलला. प्युरिफायरच्या तोटीखालची वाटी आणि तुळशीच्या कुंडीखालची बशी रात्री रिकामी. बाथरूममधली बादली पालथी. पहिल्या आठवड्यात हे सहज झालं, दुसऱ्या आठवड्यात फडकं सिंकमध्येच राहू लागलं आणि तिसऱ्यात ज्याची पाळी त्याचं नाव फ्रिजच्या दारावर लिहावं लागलं.

फ्रिजचा ट्रे कोरडा ठेवणं शक्य नव्हतं. मागच्या झरोक्यांवर बारीक जाळी लावावी असं एकदा ठरलं, पण धूळ बसून हवा अडली तर कॉम्प्रेसर तापेल, म्हणून तो बेत सोडला. त्याऐवजी दर दहा दिवसांनी प्लग काढून, जाडसर फडक्याने टिपून ट्रे साबणाच्या पाण्याने पुसायचा आणि स्टँडच्या नळ्यांची टोकं एम-सीलने बुजवायची. बुजवण्याआधी नळ्यांमध्ये उकळतं पाणी ओतलं. बाहेर पडलेल्यांवर साबणाचं पाणी मारलं. अर्धा लिटर पाण्यात भांड्यांचं लिक्विड एक चमचा, फवाऱ्याच्या बाटलीत. हे पाणी झुरळाच्या श्वासाच्या छिद्रांत शिरून त्याला गुदमरवतं. मात्र अंगावर पडलं तरच. वाळल्यावर त्याचा काही उपयोग राहत नाही.

काळे ठिपके घासून काढणं हा नुसता टापटिपीचा भाग नाही. झुरळाच्या विष्ठेत एकत्र येण्याचा वास असतो आणि नवी पिल्लं त्या वासाने त्याच फटीत जमतात. कोमट साबणपाणी आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. पुसताना आजींना दुसऱ्या खोलीत बसवलं आणि कोरडं झाडणं टाळलं, कारण तोच चुरा दमा उसळवतो.

तिसरा निर्णय फटी कधी बुजवायच्या याचा होता. घाईने सगळं एकदम बुजवलं तर आतली झुरळं नवी वाट काढून बेडरूमकडे सरकण्याची भीती. म्हणून मोठ्या झुरळांची वाट पहिल्याच आठवड्यात बंद केली: सिंकच्या पाइपभोवती रबरी बूच आणि बाथरूमच्या नहाणीला स्टीलची जाळी. हार्डवेअरच्या दुकानात 'कॉक्रोच जाळी' म्हणून मागितली की मिळते. कडप्प्याचे सांधे मात्र पाचव्या आठवड्यापर्यंत उघडेच ठेवले. मग सॉसच्या रिकाम्या, दाबायच्या बाटलीतून फटीत बोरिकचा दिसेल न दिसेल इतका पातळ थर उडवला आणि लगेच वरून पांढरा सिमेंट भरला. पातळ थराऐवजी ढीग झाला तर झुरळ त्याला वळसा घालून जातं, पिठाच्या रांगोळीला आपण घालतो तसं. ट्रॉलीच्या चौकटीजवळ, जिथे धक्के बसून सिमेंट तडकतो, तिथे सिलिकॉन वापरलं. वाढलेल्या जर्मन झुरळाला पाच मिलिमीटरच्या आसपासची फट आवडते, पिल्लाला दीड-दोन पुरतात. नाणं सरकतंय तिथे पिल्लू सरकतं, हा अंदाज ठेवून काम केलं.

याच दिवसांत बाथरूमच्या खिडकीत पोट सारखं वरखाली हलवणारी एक लहान काळी गांधीलमाशीसारखी माशी दिसली आणि चपलेखाली जायची थोडक्यात वाचली. ती मोठ्या झुरळाच्या अंड्यांच्या कुपीत आपलं अंडं घालते आणि तिची अळी आतली अंडी खाते. माणसाला तिचा त्रास नाही. मोठं झुरळ कुपी कुठेतरी चिकटवून निघून जातं म्हणून तिला ती सापडते. लहान झुरळ कुपी सोबत वागवतं, त्यामुळे तिथे तिचा इलाज चालत नाही.

सातव्या आठवड्यात उलटलेला डाव

दर शनिवारी रात्री त्याच सहा बाटल्या त्याच जागी ठेवून मोजणी चालू होती. तिसऱ्या आठवड्यात, आमिष नीट सुरू होण्याआधी, केवळ पाणी आणि सफाईवर आकडा ९२ झाला होता. सहाव्या आठवड्यात ३१. सातव्यात अचानक ६६.

घरात निराशा. सुनेने फवारणीवाल्याचा नंबरही काढला. पण बाटल्यांतल्या झुरळांकडे नीट पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली: या वेळी पिल्लं कमी आणि पूर्ण वाढलेली झुरळं जास्त. घरातली वस्ती वाढली असती तर पिल्लांची गर्दी दिसली असती. पूर्ण वाढलेली झुरळं एकदम जास्त दिसतात तेव्हा ती बहुधा बाहेरून आलेली असतात. शिवाय वाढ मुख्यतः सिंकखालच्या आणि बाथरूमच्या बाटलीत होती, फ्रिजमागे नव्हती.

विचारल्यावर कळलं की गणपती तोंडावर आल्याने शेजारच्या घरात आदल्याच गुरुवारी पेस्ट कंट्रोल झालं होतं. फवाऱ्याने हुसकलेली झुरळं डक्टमार्गे इकडे आली होती.

"काकू, पुढच्या वेळी कराल तेव्हा आदल्या दिवशी सांगाल का? म्हणजे आम्ही डक्टकडची खिडकी आणि नहाणी बंद ठेवू."

"सांगते की. पण मला तर वाटायचं तुमच्याकडूनच येतात आमच्याकडे!"

काकूंचंही खरंच होतं. तमालपत्राच्या दिवसांत काही झुरळं नक्की तिकडे गेली असणार.

फवारणी करायची नाही असं ठरलं, आणि हा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय ठरला. फवारा मारला असता तर आमिषाभोवतीची जागा दूषित झाली असती आणि सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली असती. त्याऐवजी बाथरूमच्या डक्टमधून येणाऱ्या पाइपांभोवतीची भोकं भरली, सिंकखाली दोन डबे वाढवले आणि पातळ आमिष दोन आठवडे एक दिवसाआड बदललं. गणपतीच्या दिवसांत मोदकाचं सारण, गूळ, पाहुणे हे सगळं होतंच. त्या आठवड्यात ओटा पुसायची पाळी दोघांनी मिळून केली.

निकाल

दहाव्या आठवड्यात १४, चौदाव्यात, ऑक्टोबरच्या मध्याला, ३. तिन्ही फ्रिजमागच्या बाटलीत. बाथरूममध्ये मोठं झुरळ जाळी बसल्यापासून एकदाच दिसलं, तेही जाळी धुवायला काढून ठेवली त्या रात्री. आजींना या काळात धाप लागली नाही. त्यात पावसाळा सरण्याचा वाटा किती आणि झुरळं कमी होण्याचा किती हे वेगळं काढता येत नाही, तेव्हा त्याचं श्रेय बोरिकला देऊ नये.

वस्ती शून्यावर आलेली नाही. सामाईक डक्ट असलेल्या इमारतीत एकट्या घराने ती शून्यावर आणून तशीच टिकवणं अवघड. पण आकडा हातात असल्यामुळे कधी हात ढिला सोडायचा आणि कधी आवळायचा हे कळतं. आता मोजणी महिन्यातून एकदा होते आणि डबे अकरावरून चारावर आले आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी जूनमध्येच करायला हवी होती. सहा बाटल्या आणि एक रात्र, इतकाच खर्च होता. तो न केल्याने महिनाभर सगळा जोर सिंकवर गेला आणि फ्रिजमागची वस्ती वाढत राहिली.

वासाचे सगळे उपाय आमिष लावायच्या आदल्या दिवशी काढून टाकायला हवे होते. तेच फिनेल आणि रॉकेलने पुसण्याबाबत. आमिषाच्या डब्याजवळ उग्र वास राहिला की आमिष वाया जातं. या घरात चौथ्या आठवड्यातही एका डब्याला खूण नव्हती. कारण शोधताना कळलं की कामवाल्या मावशी रोज त्या कोपऱ्यात फिनेल ओतत होत्या, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

शेजारच्या दोन्ही घरांशी बोलणं सातव्या आठवड्यात झालं, ते पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं. शेजारच्या घरात फवारणी ज्या दिवशी असेल त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी डक्टची भोकं बंद केली असती तर सातव्या आठवड्याची उसळी बरीच कमी असती.

मोकळ्या गोळ्यांची चूक तर होऊच नये. रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असलेल्या घरात आमिष पहिल्या दिवसापासून बंद डब्यातच हवं.

आणि झुरळं घरात येतात कशी याकडे उशिरा लक्ष गेलं. किराण्याची खोकी, कांद्या-बटाट्याची पोती, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, रद्दीचा गठ्ठा, यांच्या घड्यांमध्ये कुपी धरलेली एक मादी आली तरी पुरते. आता खोकं दारातच रिकामं होऊन बाहेर जातं, अंडी फ्रिजच्या ट्रेमध्ये आणि पुठ्ठा कचऱ्यात. ऑक्टोबरच्या शेवटी दुरुस्तीहून आलेला मिक्सर थेट ओट्यावर ठेवला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बुडाशी सात पिल्लं निघाली. तेव्हापासून दुरुस्तीहून येणारी कुठलीही विजेची वस्तू, मिक्सर असो की इस्त्री, मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत एका चिकट सापळ्यासोबत गाठ मारून दोन रात्री गॅलरीत ठेवली जाते आणि पिशवी दिवसाच्या उजेडात, साबणपाण्याची बाटली हातात घेऊनच उघडली जाते.